फ्रिजमधली जागा कोणाची?

ऑफिसच्या पँट्रीतल्या फ्रिजवर हेडक्लार्कसाहेबांची सत्ता चाले. कोणी नेमलं नव्हतं, तरी पाठीमागे सगळे त्यांना 'फ्रिजमास्तर' म्हणत. सॉस, व्हिनेगर, सोया सॉस, मोहरीची पेस्ट... झाकण उघडलं की बाटली फ्रिजमध्ये, हा त्यांचा कायदा. सगळ्या मजल्याच्या मिळून चौदा बाटल्या तिथे दाटीवाटीने गारठत उभ्या होत्या. तुमच्या-माझ्या घरी तरी काय वेगळं असतं!

एका सोमवारी जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी मधाची नवी बाटली आणून उघडली. आत तीळभर जागा नव्हती. कोपऱ्यात आवक-जावक विभागातल्या बाईंचा छोटा डबा होता. पाच महिन्यांचं बाळ सासूबाईंकडे सोपवून बाई नुकत्याच कामावर रुजू झाल्या होत्या आणि बाळासाठी काढलेलं दूध त्यात ठेवत. साहेबांना हे माहीत होतं, आणि आवडतही नव्हतं. "असल्या गोष्टी ऑफिसात कशाला?" असं पुटपुटत त्यांनी डबा खिडकीत ठेवला नि मध आत सारला. दूधच ते, संध्याकाळपर्यंत काय होतंय!

साडेपाचला बाई आल्या. डबा उन्हाने कोमट झाला होता. त्यांनी वास घेतला आणि दूध बेसिनमध्ये ओतलं.

"उद्या दुपारी काय पिणार माझं बाळ?" एवढंच म्हणून त्या डोळे पुसत निघून गेल्या.

कप विसळायला आलेले साहेब चपापले. पँट्रीतल्या मावशी ओटा पुसत होत्या.

"साहेब, बाटलीवर काय लिहिलंय ते वाचलंत कधी?"

"त्यात काय वाचायचं? उघडलं की फ्रिज!"

"अहो, व्हिनेगर कशाने नासणार? मध तर आत ठेवला की घट्ट गोळा होतो. सोया सॉस आपल्याकडे दोन आठवड्यांत संपतो. मेयोनीजला गारवा लागतो, ते राहू दे. पण ज्याला बाहेर काही होत नाही ते तुम्ही जपलंत, आणि काही तासांत बिघडणारं उन्हात ठेवलंत!"

"मला वाटलं, इतकंसं तर दूध..."

"इतकंसं? एका जिवाचं जेवण होतं ते!"

साहेबांनी मधाची बाटली फिरवून पाहिली. 'फ्रिजमध्ये ठेवू नये.' स्पष्ट छापलं होतं! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लवकर येऊन एकेक लेबल वाचलं. नऊ बाटल्या भिंतीवरच्या फळीवर गेल्या. मधला कप्पा त्यांनी स्वतः पुसला. बाई आल्या तेव्हा ते सगळ्यांदेखत उभे राहिले.

"बाई, काल डबा मी बाहेर काढला. चुकलो मी. आजपासून हा कप्पा तुमचा."

बाईंनी पुसलेल्या कप्प्याकडे पाहिलं. "पावडरचं दूध तोंडात धरत नाही हो तो. आज दुपारी उपाशीच राहील बहुतेक," त्या म्हणाल्या आणि रिकामा डबा घेऊन जागेवर गेल्या.

दुपारी दोनला बाई दुधाचा डबा घेऊन आल्या, तर साहेब रजेच्या अर्जावर सही करून दारात उभे. "अर्धा दिवस दिलाय तुम्हाला. हे घेऊन आत्ताच घरी जा. भुकेला असेल तो!"

मित्रहो, आज आपापला फ्रिज उघडा आणि लेबलं वाचा. नुसत्या सवयीने आपण जी जागा अडवतो, तिची कुणाला तरी खरोखर गरज असते. ती मोकळी करायला फारसं काही लागत नाही. आपलं चुकलं, एवढं म्हणता आलं पाहिजे.