एका नंबरवर पाच माणसं

हे लिहिणारच नव्हतो. माझा दोस्त लंब्या म्हणाला, लिही, फक्त मला काय झालंय ते लिहू नको. तर ते नाही लिहीत.

काम साधं होतं. म्हणजे मला वाटलेलं. रक्त तपासायची लॅब, लंब्या तिथे रक्त काढायला. त्यानेच लॅबच्या मालकीण मॅडमना वेबसाइटसाठी माझं नाव सुचवलं. पेशंटने वेबसाइटवर मोबाइल नंबर टाकायचा, कोड येणार, कोड टाकला की रिपोर्ट दिसणार. माहिती मात्र जुन्याच डेटाबेसमधली.

व्हिडिओ बघून शिकलेला माणूस मी. लॉगिन पटकन उभं केलं. जुन्या डेटाबेसला जोडलं आणि डोक्याचा भुगा झाला. एका नंबरवर पाच माणसं. सासू, सून, दीर, सगळे. काउंटरवर जो उभा, त्याचा नंबर घरादाराला चिकटवलेला. लॉगिन विचारतंय, यातला तू कोण? मला काय माहीत. एक दुरुस्त केलं की दुसरं बोंबलतं.

मॅडम म्हणाल्या, "अरे, मग पाचही दाखव ना. एका घरात कसली आलीये लपवाछपवी? सोमवारी सुरू करायचंय."

वैतागलो होतो. केलं तसं.

लंब्या शेजारी येऊन बसला. "माझ्या नंबरने बघ."

टाकला. नंबर सापडत नाही.

"वा रे इंजिनियर."

"गप. नावाने शोधतो." सापडलं. "तुझ्या नावापुढे काकूंचा नंबर आहे."

"शाळेत कावीळ झालेली, तेव्हा आई घेऊन आलेली." हसत होता, मग थांबला. "म्हणजे आई तिची शुगर बघायला गेली, की माझाही रिपोर्ट दिसणार?"

"हो."

"परवाचासुद्धा?"

"सगळे."

तो हातमोजा काढायला लागला. एकच बोट किती वेळ ओढत होता. "तिला अजून सांगितलं नाहीये रे."

एकट्या लंब्याचा नंबर बदलून भागणार नव्हतं, असे अजून किती असतील. मी तसाच उठून मॅडमकडे गेलो. सोमवारी होणार नाही म्हटलं. प्रत्येकाला त्याचा स्वतःचा नंबर विचारून घ्यावा लागेल.

"तुला जमत नाहीये, असं सरळ सांग की."

जमलेलं होतं, तीच तर बोंब होती. पण लंब्याचं नाव कसं घेणार? गिळलं. "नाही जमत," म्हटलं.

"मग जमव. पण लवकर."

बाहेर लंब्या स्कूटरला टेकून उभा. "काय म्हणाल्या?"

"माझी अक्कल काढली."

"सॉरी यार."

"सॉरी राहू दे. तुझं नाव तुझ्या नंबरवर आल्याशिवाय मी हे लॉगिन सुरू करत नाही. शब्द आहे माझा. काकूंना तू सांग, जमेल तेव्हा. माझी वेबसाइट नाही सांगणार."