द्वारकाचा नवरा

"दाजी, खरं सांगा. माझी भैन पोट धरून रडत हुती आन् तुमी तिला ओवा खा म्हनत हुता?"

हिंदुराव दारातच उभे होते. निरवांगीहून जळोचीपर्यंत मोटारसायकलवर आलेले. मानसिंगरावांनी पुढं केलेला पाण्याचा तांब्या त्यांनी घेतला नाही.

"कोण म्हणलं आसं?"

"तुमचीच लेक म्हनती. समद्या गावाच्या फोनवर म्हनती."

त्यांनी व्हिडिओ लावला. मानसिंगरावांचा चष्मा आत राहिला होता, त्यामुळे त्यांनी नुसतं ऐकलं. आवाज लेकीचा, स्वरूपाचाच होता. मम्मी सहा महिने दुखणं सांगत होती. घरातले म्हणायचे ॲसिडिटी असेल, ओवा खा. पप्पांना वेळच नव्हता. एक टेस्ट केली असती, तर आज मम्मी... पुढं हुंदका. आणि मग एकदम मोकळ्या आवाजात कुठल्याशा लॅबच्या तपासणी पॅकेजची माहिती. सवलत हवी असेल तर कूपन टाका, 'द्वारका'.

"वर्षश्राद्धाला आमची वाट बघू नका," हिंदुराव म्हणाले आणि गाडीला किक मारून निघून गेले.

मानसिंगरावांनी भरलेला तांब्या परत आत नेऊन ठेवला.

द्वारकाबाईंनी दुखणं पहिल्यांदा सांगितलं, त्याच आठवड्यात ते त्यांना बारामतीत डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. तिथून पुण्याला. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. पुण्याचे डॉक्टर त्यांना बाजूला घेऊन म्हणाले होते, हा आजार लवकर कळतच नाही हो, तुमच्याकडून उशीर झालेला नाही. त्या एका वाक्यावर मानसिंगरावांनी वर्ष काढलं होतं.

स्वरूपाचे व्हिडिओ त्यांना नवे नव्हते. साड्या, क्रीम, मिक्सर, कसलं कसलं ती दाखवायची. दुकानदार तिला नावानं ओळखायचे. कितीदा तरी त्यांनी स्वतः गच्चीवर तिच्यासाठी फोन धरला होता. हात हलू नये म्हणून श्वास रोखून.

ती संध्याकाळी आली तेव्हा ते सोप्यावर बसलेले होते.

"मामा येऊन गेला," ते म्हणाले.

ती चपला काढता काढता थांबली. "पप्पा, स्क्रिप्ट लॅबवाल्यांनी पाठवली होती. मी फक्त थोडी आपली केली."

"मी कवा म्हणलं ओवा खा?"

"तुमचं नाव कुठं घेतलंय मी?"

"तुझ्या आईला दुसरा नवरा हुता का?"

स्वरूपा खाली बसली. फोन काढून त्यांच्यासमोर धरला. "कमेंट वाचा. किती बायका तपासून घ्यायला लागल्यात. एकीची गाठ सापडली, पप्पा. वाचली ती."

"चांगलं झालं. मग खरं सांगितलं असतं, तर तपासायला गेल्या नसत्या का त्या?"

"खरं काय सांगू?" तिचा आवाज चढला. "की सगळं वेळेवर केलं, तरी मम्मी गेली? ते ऐकून टेस्ट कोण करेल? कुणाचं तरी चुकलेलं लागतं, तेव्हा लोक थांबून बघतात."

मानसिंगरावांची सगळी नोकरी बारामतीच्या एसटी स्टँडवर, चौकशीच्या खिडकीत गेली होती. गाडी येणार नसली की ते माईकवरून तसं सांगत. लोक शिव्या घालत, पण मग दुसरी वाट धरून घरी पोचत. ते तिला सांगावंसं त्यांना वाटलं. पण तिला ते भाषण वाटलं असतं.

"काढून टाक," ते एवढंच म्हणाले.

"लगेच नाही काढता येत. करार आहे." ती जवळ सरकली. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आपण दुसरा करू. तुम्ही बोला त्यात. म्हणायचं, माझं दुर्लक्ष झालं, तुम्ही असं करू नका. मी म्हणेन, मी तुम्हाला माफ केलं. लोक किती मानतील तुम्हाला! रडू आलं तरी चालेल, पप्पा."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती हे मनापासून म्हणत होती. त्यांनी तिचा हात गुडघ्यावरून हळूच उचलला आणि बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं निरवांगीला गेले. हिंदुराव गोठ्याजवळ खाटेवर बसले होते. उठले नाहीत, पण सरकून जागा केली. मानसिंगरावांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. कोणत्या दिवशी नेलं, डॉक्टर काय म्हणाले, द्वारका गाडीत काय बोलली.

"मग पोरगी खोटं बोलली म्हना की."

सख्ख्या मामासमोर लेकीला खोटारडी म्हणायला मानसिंगराव इतक्या लांब आले होते, आणि आता जीभ उचलत नव्हती.

"व्हय," ते शेवटी म्हणाले.

हिंदुराव म्हशीकडं बघत राहिले. "आसंल. पर दाजी, पोरगी त्यात रडती वो. तुमी काय रडत न्हाय."

चहा आला, दोघांनी तो प्याला. निघताना हिंदुराव रस्त्यापर्यंत आले नाहीत.

परतीच्या गाडीत शेजारी चाळिशीची एक बाई बसली. तिनं पिशवीतून पुडा काढला.

"पेढा घ्या, काका. माहेरी आईला भेटून आले. माझा रिपोर्ट चांगला आला."

"आरं वा. काय झालं हुतं?"

"पोटात दुखायचं. मी आपली अंगावर काढत हुते. तर मालकांनी फोनवर एका पोरीचा व्हिडिओ बघितला. तिच्या आईला घरच्यांनी न्हेलंच न्हाय दवाखान्यात. ह्यांनी दुसऱ्याच दिवशी मला बारामतीला न्हेलं. म्हनले, मला तसला नवरा व्हायचं न्हाय." ती फोन शोधू लागली. "थांबा, दावते तुमाला."

या वेळी चष्मा डोळ्यांवर होता. व्हिडिओच्या शेवटी द्वारकाबाईंचा फोटो आला, हसरा. स्वरूपाला पदवी मिळाली त्या दिवशीचा. कडेनं फोटो कापला होता. मानसिंगराव त्यात नव्हते. बायकोच्या खांद्यावर ठेवलेला त्यांचा हात तेवढा उरला होता.

"बघितलं का, किती गोड हुती माउली!" बाई हळहळली. "तसल्या मानसाच्या पदरात पडली."

गाडी पिंपळीच्या थांब्याला लागली. बाईची पिशवी जड होती. मानसिंगरावांनी ती दारापर्यंत नेऊन तिच्या हातात दिली.

"गुणाचे हायत तुमचे मालक," ते म्हणाले. "जपा त्यांना."

ती हसली, उतरली. गाडी पुन्हा हलली. ते जागेवर येऊन बसले. मुठीतला पेढा मऊ पडून बोटांना चिकटला होता.