पान ३४१चा समास

सन १९६३, ऑगस्टचा शेवटचा सोमवार. उन्हाळा उतरणीला लागला होता. त्या दिवशी मी खोक्यातून बाहेर आलो आणि माझ्यावर शाळेचा शिक्का बसला.

मी इतिहासाचे पुस्तक बोलतोय. अमेरिकेचा आणि जगाचा इतिहास, इयत्ता अकरावी, पाने सातशे बारा, क्रमांक सत्तावीस. पुठ्ठा जाड, शिवण पक्की. माझ्याबरोबर आलेली एकोणचाळीस भावंडे केव्हाच रद्दीत गेली. मी अजून शाळेच्या कपाटात आहे.

पुस्तक म्हणजे शहाणे, असा लोकांचा समज असतो. मी शहाणा नाही. माझ्यात छापले आहे ते दुसऱ्यांचे. मला जे कळले ते एका पानाच्या समासात मावते. तेवढेच सांगतो.

टॅन्सी क्रीकची शाळा डोंगराच्या खांद्यावर होती. खाली ओढा. ओढ्याच्या दोन्ही काठांना खाणकामगारांची एक्केचाळीस घरे, सगळी कंपनीची. इतिहास शिकवायला आर्डिथ क्रम बाई. पन्नाशीच्या, पाठ ताठ, हसणे जपून. साऱ्या शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या गळ्यात असे.

त्यांचे नियम थोडे, पण पक्के. पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदावर नाव, वर्ष आणि पुस्तकाची हालत लिहायची. शाई लावायची नाही. पेन्सिलीच्या खुणा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खोडून द्यायच्या. त्या दिवशी बाई प्रत्येक बाकावर खोडरबर ठेवत आणि वर्गात तासभर नुसती घासाघीस चाले. पुस्तक परत आले नाही तर वहीत त्या क्रमांकासमोर 'बाकी' लिहिले जाई, आणि शाळा संपल्यावरचे प्रमाणपत्र बाईंच्या खणात राही. एका पोराचे सहा वर्षे राहिले. शेवटी तो लष्करातून सुटीवर आला तेव्हा आधी पुस्तक देऊन गेला, मग आईला भेटला.

पोरांच्या सवयी मी पाहिल्या. लढाया वाचतात, तह सोडून देतात. राजांना मिशा काढतात. एकाने मला टेबलाच्या आखूड पायाखाली चार महिने ठेवले. पान २१२वर डुकराच्या चरबीचा डाग आहे, तो वेंडेल नावाच्या पोराच्या डब्याचा. मी तक्रार केली नाही. ओझे घेणे हे माझे कामच.

मी आलो त्याच वर्षी कंपनीने ओढ्याच्या उगमाकडे बांध घालायला घेतला. बांध कसला, खाणीतला टाकाऊ दगड आणि कोळशाची भुकटी यांचा ढीग. कोळसा धुतलेले काळे पाणी त्यामागे सोडत. ढीग वाढे, पाणी वाढे. खाली लोक कपडे वाळत घालत आणि ते काळे होत म्हणून बायका शिव्या देत. त्यापलीकडे कोणी वर पाहत नसे.

पान ३४१वर जॉन्सटाउनचा पूर आहे. सन १८८९. डोंगरात श्रीमंतांचे तळे, त्याचा बांध दुबळा. दर वसंतात कोणीतरी म्हणे, बांध फुटणार. फुटत नसे. म्हणून ज्या दिवशी खरोखर निरोप आला त्या दिवशी लोक हलले नाहीत. दोन हजारांवर माणसे गेली.

बाई दरवर्षी हे पान झाले की एकच प्रश्न विचारत. चूक कोणाची? पोरे म्हणत, पावसाची. बाई फळा पुसत आणि पुढच्या धड्याकडे वळत.

१९६७ साली फेरेल रॅटलिफने तो प्रश्न मनावर घेतला. त्याचे घर ओढ्यावरचे सर्वांत वरचे, बांधाच्या अगदी खाली. बांधाच्या आतल्या बाजूला एक लोखंडी नळ उभा होता, त्यावर पांढरे पट्टे रंगवलेले. फेरेल दर शनिवारी वर जाई, पाण्याच्या वर किती पट्टे दिसतात ते मोजी आणि माझ्या ३४१व्या पानाच्या समासात तारीख घालून लिही. दाबून लिहायची त्याला सवय होती. सप्टेंबरात अकरा. नाताळात दहा. मे महिन्यात नऊ.

मग खोडायचा दिवस आला. फेरेलने बाकीची पाने साफ केली आणि या पानावर हात थांबवला.

"बाई, एवढं राहू द्या ना," तो म्हणाला. "हाही इतिहासच आहे."

"इतिहास छापलेला असतो, फेरेल. हे खरडणं आहे."

"पण पाणी..."

"खोड."

त्याने खोडले. बाईंनी पान उजेडात धरून पाहिले आणि हालतीच्या रकान्यात 'चांगली' असे लिहिले. पुढच्या वर्षी त्याला प्रमाणपत्र मिळाले आणि तो त्याच कंपनीच्या खाणीत उतरला.

मी कोणाकडे काही मागत नाही. एकच मागतो. समासात कोणी काही लिहिले असेल तर खोडण्याआधी एकदा वाचा.

१९७०च्या सप्टेंबरात फेरेलची धाकटी बहीण ऑरलीन अकरावीत आली. भावाचे नाव आहे म्हणून तिने मला मागून घेतले. पान ३४१ आले तेव्हा तिच्या बोटांना कागद खरबरीत लागला. तिने पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवली. काळ्या रंगात पांढरे आकडे वर आले. अकरा, दहा, नऊ. शेजारी तारखा.

त्या शनिवारी ती वर गेली. पट्टे सहा दिसत होते. तिनेही लिहायला सुरुवात केली. नोव्हेंबरात पाच. जानेवारीत चार. मार्चच्या अखेरीस दोन.

बांधावरच्या राखणदाराला तिने विचारले तर तो म्हणाला, पाणी पहिल्यापासून एवढेच आहे. कंपनीच्या कचेरीतही हेच सांगत. सगळ्या टॅन्सी क्रीकमध्ये त्याला खोटे पाडणारी एकच गोष्ट होती, ती माझ्या समासात होती आणि ती खोडलेली होती.

ऑरलीनने मला घरी जेवणाच्या टेबलावर उघडे ठेवले. बाप एस्टिल मक्याची भाकरी घेवड्याच्या रश्शात कुस्करत होता. त्याने पान पाहिले, बोट न लावता.

"मिटव ते," तो म्हणाला. "कंपनीच्या घरात राहून कंपनीच्या बांधाकडे बोट दाखवायचं नसतं. रस्त्यावर यायचंय का?"

फेरेलने मला आपल्याकडे ओढून घेतले. "अकराच होते," तो म्हणाला. "मला आठवतं. पण माझ्या आठवणीला विचारतो कोण?"

ओढ्याच्या अगदी खालच्या टोकाला हॉबर्ट व्हान्स म्हणून म्हातारा राहत असे. एक पाय खाणीत गमावलेला, दोन कुत्री पाळलेला. त्याला कळल्यावर सगळ्या ओढ्याला कळले. ऑरलीन दिसली की तो ओसरीवरून विचारी, "काय गं नोहाच्या पोरी, नौका कुठवर आली? माझ्या कुत्र्यांना जागा ठेव हो. जोडी आहे." बायबलातल्या नोहाने प्रलयात प्रत्येक प्राण्याची जोडी नौकेत घेतली होती, त्यावरून ही थट्टा. लोक हसत. चर्चमध्येही हसले.

एप्रिलात डोंगरावरचा बर्फ वितळला आणि चौदा तारखेला, बुधवारी, पाऊस लागला तो थांबेना. गुरुवारी पट्टा एकच उरला. शुक्रवारी शाळा भरण्याआधी ऑरलीन मला घेऊन क्रम बाईंकडे गेली. तिने पान उघडून पुढे ठेवले.

बाईंनी चष्मा लावला. खोडलेले आकडे पाहिले, त्याखालचे न खोडलेले पाहिले. शेवटचा होता एक, कालच्या तारखेचा. त्यांचा अंगठा माझ्या कागदावर होता. तो खोडलेल्या आकड्यांच्या खाचांवरून फिरला, हे मला कळले. दुसऱ्या कोणाला कळले नसेल.

त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडून सांगितले गेले की इंजिनिअर सोमवारी बघून जाईल.

बाईंनी फोन ठेवला. लोकांना पुराची भीती दाखवून काही होणार नाही, हे त्यांना माहीत होते. जॉन्सटाउनचा पूर त्यांनी चोवीस वर्षे शिकवला होता. पण टॅन्सी क्रीकमध्ये पुरापेक्षा मोठी एक भीती होती, आणि ती त्यांनी स्वतः पाळलेली होती.

त्या दिवशी त्या वर्गावर्गात गेल्या. "उद्या सकाळी साडेसात वाजता पुस्तकांची तपासणी," त्या म्हणाल्या. "पुस्तक, आई आणि बाप. दोघांच्या सह्या माझ्यासमोर. जो येणार नाही त्याचं प्रमाणपत्र माझ्या खणात. पाऊस आहे, गाडी नाही, गाय व्यालीय, मला सांगायचं नाही."

घरोघर कुरकुर झाली. बाईंचे डोके फिरले असे पुष्कळांनी म्हटले. पण एस्टिल म्हणाला, "देवाचं बोलावणं एकवेळ टाळता येईल, क्रम बाईंचं नाही." आपल्या घरातून खाणीत न उतरणारे पहिले पोर त्याला हवे होते. ऑरलीनचे प्रमाणपत्र त्याने घराच्या भाड्याइतकेच महत्त्वाचे मानले होते.

शनिवार, सतरा एप्रिल. साडेसातला डोंगराच्या वाटेवर छत्र्यांची रांग लागली. पुस्तके मेणकापडात, तान्ही पोरे कडेवर, आज्ज्या हाताला धरलेल्या, कारण घरी त्यांना पाहायला कोणी नव्हते. एक्केचाळीसपैकी तेहतीस घरे वर आली. उरलेल्या आठ घरांत शाळेत जाणारे कोणी नव्हते.

फेरेल आला नाही. तो सकाळीच बांधावर गेला होता. मी ऑरलीनच्या छातीशी होतो. शाळेच्या आवारातून तिला दिसले की तो धावत खाली येतो आहे आणि त्या आठ घरांची दारे एकेक करून बडवतो आहे. लोक बाहेर पडत होते, कोणी अनवाणी, कोणी दाढीला साबण लावलेला, आणि डोंगर चढत होते. सात दारे झाली. आठवे हॉबर्टचे.

आठला दहा मिनिटे कमी असताना वरून आवाज आला. मेघगर्जनेसारखा, पण तो थांबला नाही.

पाणी काळे होते. ते घळीच्या रुंदीचे होऊन आले आणि त्याच्यापुढे घरे उभीच्या उभी चालत गेली, काही धुरांड्यातून धूर सोडत. आवारात बायकांनी पोरांचे डोळे झाकले. क्रम बाई हातात वही धरून दारात उभ्या होत्या.

फेरेल आणि हॉबर्ट तीन दिवसांनी सापडले, एकाच ठिकाणी. ओढ्यावरची माणसे दोनच गेली. एकही घर उरले नाही.

चौकशी बसली. ऑरलीनने मला तिथे नेले. कंपनीच्या वकिलाने पान दोन बोटांनी धरले आणि म्हणाला, पेन्सिलीचे आहे, कोणीही केव्हाही लिहिले असेल. खोडलेले आकडे केव्हाचे, ते सांगू शकणारे एकच माणूस जिवंत होते. त्या माणसाला कोणी बोलावले नाही. क्रम बाई स्वतःहून गेल्या नाहीत. चौकशीने लिहिले की पाऊस फार झाला. मला खोक्यात घालून राजधानीत ठेवले.

त्या मेमध्ये वहीत सत्तावीससमोर 'बाकी' लागली. पुढच्या वर्षी ऑरलीनची बारावी झाली, तिचे प्रमाणपत्र खणात गेले. बाईंनी सूट दिली नाही. तिने मागितली नाही. एस्टिलने एकदा तोंड उघडले तर ऑरलीन म्हणाली, "बाबा, पुस्तक माझ्याकडे बाकी आहे. खरं आहे ते." राजधानीला ती पत्रे लिहीत राहिली.

१९७४च्या मे महिन्यात मी तिला परत मिळालो. त्याच दुपारी ती शाळेत आली. बाईंचा नोकरीचा शेवटचा आठवडा होता. वर्गात बाकाबाकावर खोडरबर ठेवलेले होते. ऑरलीनने मला टेबलावर ठेवले आणि त्यातला एक उचलला.

"ठेव तो," बाई म्हणाल्या.

त्यांनी शाईची दौत उघडली. अकरा वर्षांत माझ्या अंगाला शाई लागली नव्हती. पान ३४१ उघडून त्यांनी फेरेलच्या खाचांमधून टाक फिरवला. अकरा. दहा. नऊ. तारखा. खाली लिहिले, 'मे १९६८ मध्ये माझ्या सांगण्यावरून खोडले होते,' आणि पूर्ण नाव घातले. टीपकागद ठेवला. मला मिटले. मग खण ओढून प्रमाणपत्र ऑरलीनच्या हातात दिले, वही उघडली आणि सत्तावीससमोर लिहिले, 'जमा'.