नराची पारख

नर मासा हातात आला की लिलाधर त्याच्या पोटावरून एकदाच अंगठा फिरवायचा. शेपटीकडे पांढरं दूध आलं तर मासा तयार, नाही आलं तर परत टाक्यात. मोहाडीजवळच्या एका मत्स्यबीज केंद्रात तो चौदा वर्षं हेच करत होता, आणि त्याची पारख चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. जाळ्यात जन्म घालवलेले म्हातारेसुद्धा त्याच्यापुढे हात टेकायचे. अशा माणसाला आपण चुकू शकतो हे पटावं तरी कसं?

लग्नाला अकरा वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही. त्याची बायको ज्योत्सना भंडाऱ्याच्या दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवत राहिली. दोनदा नळ्यांचा फोटो झाला, एकदा दुर्बिणीचं ऑपरेशन. प्रत्येक डॉक्टर म्हणायचा, बाईत काही दोष दिसत नाही, नवऱ्याला तपासून घ्या. लिलाधर हसून उडवून लावायचा. "मले दिसत नाही का? मायं सगळं बराबर हाये. हजारो नर तपासले म्या." त्यात लबाडी नव्हती हो. माशाचं कळतं म्हणजे माणसाचंही कळतं, असं त्याला मनापासून वाटायचं.

खापर मात्र कुठंतरी फुटायला हवंच असतं, ते ज्योत्सनाच्या डोक्यावर फुटलं. तलावात बीज सोडायच्या दिवशी पहिला हंडा लेकुरवाळीच्या हातून रिता करायचा, अशी त्यांच्या गावची रीत. सासू जमुनाबाई त्या दिवशी ज्योत्सनाला काठावरही येऊ द्यायची नाही. सुरुवातीला ज्योत्सना घरी बसून रडायची. मग रडणंही सुटलं.

नागपूरच्या टेस्ट ट्यूब बेबी केंद्रानं लिलाधरचं काही चालू दिलं नाही. नवरा-बायको दोघांची तपासणी झाल्याशिवाय ते पुढं बोलतच नव्हते. महिन्याच्या अंतरानं दोनदा त्याची तपासणी झाली, आणि गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद समोर ठेवले.

"दोन्ही वेळा शुक्रजंतू एकही सापडला नाही," त्या म्हणाल्या.

"पण म्याडम, पांढरं त येते," लिलाधर म्हणाला. "चांगलं दाट येते."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकारच. "ते पाणी वेगळं आणि त्यातले जंतू वेगळे. जंतू नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. सोमवारी आपण वृषणात सुई घालून शोधू. थोडे जरी मिळाले, तरी एकेका अंड्यात एकेक सोडून बाहेर गर्भ तयार करता येतो. गोळ्या-औषधांनी हे व्हायचं नाही, म्हणून टेस्ट ट्यूबचा विचार." मग त्या ज्योत्सनाकडे वळल्या. "तुमच्या नळ्या चांगल्या आहेत. पण वय सदतीस, आणि अंडी आता फार थोडी उरलीत. आधी आला असता तर बरंच सोपं होतं. आता थांबू नका."

जाता जाता त्यांनी लिलाधरला विचारलं, "वयात येताना कधी गालफुगी झाली होती? गाल सुजले, मग खालीही सूज आली, असं काही?"

"ताप आला होता एकदा मोठा. बाकी ध्यानात नाही. मायले ठाऊक असल."

"विचारून या."

अकरा वर्षांचा डाग दोन कागदांनी पुसला होता. आता राग यावा, रडू फुटावं, निदान हायसं वाटावं, म्हणून ज्योत्सनानं वाट पाहिली. काहीच आलं नाही. टेबलावरची प्लास्टिकची गर्भपिशवी कलंडली होती, ती तिनं सरळ करून ठेवली.

परतीच्या एसटीत मौदा गेल्यावर लिलाधर तिच्याकडे सरकला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मायले माया रिपोर्टाचं नको सांगू. तुये अंडे कमी हायेत, तेवढंच सांगू. डाक्टरीणच बोलली ना, खोटं कोठं हाये?"

ज्योत्सनानं पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला.

"तुले त सवय झाली हाये आता," तो म्हणाला. "मले लोकायचं आयकणं नाही जमणार."

दुसरी कोणी असती तर भर गाडीत त्याची शोभा केली असती. ज्योत्सनाला वाक्य ऐकू आलं, कळलंही, पण लागलं कुठंच नाही. "बिस्किट खाता का?" तिनं विचारलं, आणि पुडा फोडला.

घरी जमुनाबाई ओट्यावर झिंगे निवडत बसली होती. लिलाधर पाय धुवायला मागं गेला.

"काय म्हणली डाक्टरीण?"

"एक विचारलं हाये तिनं," ज्योत्सना म्हणाली. "ह्यायले गालफुगी झाली होती का, आई? खालीही सुजलं होतं का?"

जमुनाबाईचा सुपातला हात थांबला. म्हातारीला पटकन खोटं सुचलं नाही.

"पंधराव्या वर्षी झाली होती," ती म्हणाली. "लय सुजलं होतं. तवाच्या डाक्टरनं सांगतलं होतं, लगनाच्या आंधी तपासून घेजा म्हणून."

"मंग?"

"मंग काय? हे सांगतलं असतं, त पोरगी कोनं देली असती?"

लिलाधर ओल्या पायांनी दारात येऊन उभा होता. "माय?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

जमुनाबाई त्याच्याकडे बघेना. ज्योत्सनालाच म्हणाली, "तूच सांग. सांगतलं असतं, त आली असती का या घरी?"

ज्योत्सनानं खरंच विचार केला. बाजारात कुणी भाव विचारावा आणि आपण आठवून सांगावा, तितक्याच शांतपणे केला. लिलाधर तिला पाहायला आला होता तेव्हा सारखा खाली बघत होता, आणि तिला तो आवडला होता.

"आली असती," ती म्हणाली. "सव्वीस वर्षाची होती मी, आई. तवाच डाक्टरकडं गेलो असतो. तवा मायाजवळ अंडे होते."