पहिली खुर्ची तुमची

मित्रांनो, मैदानाच्या पायऱ्यांखाली एक गोदाम आहे. तिथे भिंतीला टेकून पडलेली मी एक जुनी चाकांची खुर्ची. तुम्ही मला व्हीलचेअर म्हणता. माझ्या पाठीवर स्पर्धेचं रंगीत चिन्ह अजून आहे. त्यामुळे कधीकाळी मी मानाच्या कामावर होते, हे तरी ओळखू येतं.

कारखान्यात नळ्या वाकवून मला घडवलं, गादी चढवली आणि थेट या शहरात धाडलं. इथे जगभरच्या खेळाडूंची मोठी स्पर्धा भरणार होती. ज्यांना चालवत नाही अशा प्रेक्षकांना फाटकापासून जागेपर्यंत नेणं, हे माझं काम. मला ढकलायला एक स्वयंसेविका मिळाल्या. शेजारच्या वस्तीत त्या कपडे शिवत, म्हणून सगळे त्यांना शिंपीण मावशी म्हणायचे. पहिल्याच दिवशी गणवेशाच्या बाह्या लांब निघाल्या. मावशींनी स्वतःच्या बाह्या तिथेच बसून आखूड केल्या. ते पाहून इतर स्वयंसेवकही आपापले सदरे घेऊन रांगेत उभे राहिले.

मावशींचा हात मोठा हलका. उतार आला की त्या मला मागे ओढून धरत, त्यामुळे बसलेल्या माणसाला साधा हिसकाही बसत नसे. एकदा एक परदेशी आजोबा माझ्यात बसले. चांगले भरभक्कम होते, माझ्या नळ्या करकरल्या. वाटेत ते त्यांच्या भाषेत बोलत होते, मावशी आपल्या. एकमेकांचं एक अक्षरही कळत नव्हतं, पण गप्पा काही थांबल्या नाहीत. उतरताना आजोबांनी मावशींचे दोन्ही हात हातात घेतले. "आजोबांना माझं सगळं कळलं," मावशी मागाहून म्हणाल्या, "घरी मात्र दोनदा सांगावं लागतं."

घरी त्यांचे यजमान होते. जुन्या मैदानावर धावपट्टीचे पांढरे पट्टे मारण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते मैदान मोडून त्याच जागी हे नवं उभं राहिलं, आणि त्याच सुमारास त्यांची एक बाजू लुळी पडली. तेव्हापासून ते दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत अंथरुणाला खिळून होते. खिडकीतून मैदानाचे दिवे दिसत, धावपट्टी दिसत नसे. नवे पट्टे कसे मारलेत, ते एकदा डोळ्यांनी पाहायचं, एवढाच ध्यास त्यांनी घेतला होता. त्यांना उचलून जिन्याखाली आणायला शेजारी तयार होते, पण पुढे न्यायला खुर्ची नव्हती. मावशींनी स्वयंसेवकांत नाव घातलं, ते त्यासाठीच.

एक दिवस धीर करून त्यांनी आमच्या विभागाच्या साहेबांना विचारलं. साहेब वयाने लहान आणि मनाने चांगले होते. ते ओशाळले.

"मावशी, खुर्ची फाटकाबाहेर नेता येत नाही. पण स्पर्धा संपली की या सगळ्या खुर्च्या इथल्याच लोकांना द्यायच्या ठरल्यात. पहिली खुर्ची तुमची."

त्या दिवशी मावशींनी माझी चाकं जरा जास्तच मन लावून पुसली.

स्पर्धा संपली. आम्हाला घड्या घालून गोदामात कोंडलं. साहेब दुसऱ्या शहरात नव्या नोकरीवर गेले. गोदामाची किल्ली रखवालदाराकडे होती, हुकूम मात्र कोणाकडेच नव्हता. मावशी येत. दाराआडून मला त्यांचा आवाज ओळखू येई. एका कचेरीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने पुन्हा पहिलीकडे, असं त्या रखवालदाराला सांगत. वरून काही आलं नाही, असं तो म्हणे. बरं, पुन्हा बघते, म्हणून त्या निघून जात. इकडे भिंतीची ओल माझ्या सांध्यांत शिरली, रबराला भेगा पडल्या, उंदरांनी गादी कुरतडली.

मग बरेच दिवस मावशी आल्याच नाहीत. त्या आल्या तेव्हा रखवालदाराने काही न विचारता कुलूप काढलं.

"न्या मावशी. कोणी विचारलंच तर माझं मी बघून घेईन."

मावशी उंबऱ्यातच थांबल्या. "आता कोणाला बसवू? ते गेले."

मग त्याच म्हणाल्या, की खालच्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे गेलेत, त्यांना तरी होईल. त्यांनी माझी घडी उघडली, रुमालाने धूळ झटकली आणि दोन्ही मुठी धरून ढकललं. मित्रांनो, मी खूप प्रयत्न केला. पण चाकं गंजून धरली होती. मावशींनी पुन्हा जोर लावला, रखवालदारानेही लावला. मी जागची हलले नाही. मावशींनी माझी पुन्हा घडी घातली, होती तशी भिंतीला टेकवली आणि त्या गेल्या.

कुलपाआड ठेवलेली वस्तू जपली जाते, असं तुम्हाला वाटतं. ती नुसती म्हातारी होते. म्हणून एवढंच मागते, कोणाला काही द्यायचं असेल, तर माणूस आहे तोवर द्या. माझ्याच्याने आता कोणाचंच भलं व्हायचं नाही.