तारखेच्या खिडकीवरचं भिंग

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. केवढं? तुरीच्या डाळीएवढं! घड्याळाच्या काचेवर, तीनच्या आकड्यापाशी, एक फुगीर थेंब कधी पाहिलाय? तो मी! माझ्याखाली तारखेची इवलीशी खिडकी असते आणि ती तारीख मोठी करून दाखवणं हा माझा धंदा.

माझं घड्याळ मात्र नकली. आधीच सांगून टाकतो, पोटात काही ठेवत नाही. समुद्रात खोल बुडी मारणाऱ्यांच्या भारी घड्याळाची ती नक्कल. तबकडीवर 'तीनशे मीटर' छापलंय, पण हात धुतानासुद्धा मी जीव मुठीत धरून असतो.

सोलापूरच्या बाजारात अभिमन्यू नावाच्या पोरानं आम्हाला हौसेनं घेतलं. काय मिरवलं त्यानं! अक्कलकोटच्या एका लग्नात मात्र मित्रानं त्याचा हात धरून मला निरखलं आणि तो ओरडला, "आरं, अस्सल घड्याळात तारीख अडीचपट दिसती! ही दीडपट बी न्हाय की!" सगळा मांडव हसला. अभिमन्यूनं घरी येऊन घड्याळ खणात टाकलं. सहा महिने अंधारात पडून होतो. दोष माझा होता, म्हणून जास्तच लागलं.

खणातून काढलं ते त्याच्या आत्यांनी, फुलाबाईंनी. त्या उखळात कांडून शेंगा चटणी करतात. मिरचीच्या धुरळ्यानं चष्मा लाल होतो म्हणून तो कोनाड्यात, आणि तिखट हात लागू नये म्हणून मोबाइलही लांब. मनगटाकडे बघायचं आणि प्रत्येक पाकिटावर ठसठशीत तारीख स्वतःच्या हातानं लिहायची, हा त्यांचा शिरस्ता. मला पुन्हा काम मिळालं! पण मी दीडपटसुद्धा मोठं न दाखवणारा. तेवीस नोव्हेंबरला बाईंनी तीनचा आठ वाचला आणि शंभर पाकिटांवर अठ्ठावीस तारीख पडली.

दुकानदार नंदूशेठ पाकीट घेऊन दारात हजर. "मावशी, पाच दिवसांनी होणारी चटणी आजच कशी आली? गिऱ्हाईक मलाच धरंल की! एक तारखेचा माल शेवटचा बघतो. पुन्हा चूक झाली, तर मी यंत्राचा छाप असलेली चटणी घेणार."

बाईंचा चेहरा उतरला. वीस वर्षांची त्यांची चटणी माझ्यापायी दुकानातून उठणार होती!

त्या तडक घड्याळजी बिरप्पांकडे गेल्या. बिरप्पांनी हातातलं मोठं भिंग वर्तमानपत्रावर टेकवलं. "मावशी, अक्षर केवढं दिसतंय?"

"हाय तेवढंच."

"आता उचलतो, बगा."

"अगं बाई! फुगलं की!"

"हितंच तर गोम हाय. तुमचं भिंग चपटं, त्यात तारखेच्या चकतीला खेटून बसलंय. मग तारीख मोठी कशी दिसंल? लई उचललं तर धूसर हुतंय, पण थोडी जागा हाय. जाड काच घालतो आणि वर ह्येच भिंग चिकटवतो."

ह्येच भिंग! म्हणजे मला फेकणार नव्हते! त्यांनी ऊब देऊन मला सोडवलं, तेव्हा फुटतोय की काय असं वाटलं. पण जाड काचेवर नीट मधोमध बसलो आणि खाली पाहतो तर काय, आकडा टम्म फुगलेला! अडीचपट नाही, पण जवळजवळ दुप्पट!

एक डिसेंबर उजाडला. पाकिटं तयार, नंदूशेठ दारात, बाईंच्या हातात पेन. त्यांनी मनगट वर केलं. मी छाती फुगवून दाखवलं: एकतीस! कसा स्पष्ट, कसा टपोरा!

पेन पाकिटाला टेकलं आणि थांबलं.

"एकतीस?" बाईंनी मूठ वळली आणि बोटांच्या टेंगळांवर महिने मोजले. नोव्हेंबर खोलगटात आला. "आरं, नोव्हेंबराला एकतीस कुटं असती!"

मी शरमेनं पाणी पाणी झालो. आमच्यासारख्या घड्याळाला महिने कळत नाहीत हो, ते दर महिन्याला एकतीसपर्यंत जातं. बाईंनी हसत चावी ओढली, फिरवली, आणि खिडकीत एक आला. शंभरच्या शंभर पाकिटांवर एक तारीख पडली. नंदूशेठनी चार पाकिटं उलटून पाहिली आणि ते म्हणाले, "मावशी, पुढच्या म्हैन्यात दीडशे द्या."

मित्रांनो, मला मऊ कापडानं पुसा, दगडावर आपटू नका, एवढं मागणं आहेच. पण आणखी एक सांगतो. पुसट दाखवत होतो तेव्हा बाईंनी माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला. स्पष्ट दाखवू लागलो, तेव्हा त्यांनी माझी चूक पकडली. मी फक्त मोठं करून दाखवतो. ते खरं आहे का, हे तुमचं तुम्ही बघा.