नापसंतीचं घर

घरं विकायच्या धंद्यात फार खोटं बोलावं लागतं, असं लोकांना वाटतं. उगीच. खोटं घराकडून बोलवून घ्यायचं असतं, आपण फक्त किल्ल्या घेऊन उभं राहायचं. माझी पद्धत तीन घरांची. पहिलं घर असं दाखवायचं की गिऱ्हाइकाला जीव नकोसा व्हावा. दुसरं इतकं महाग की त्याच्या तोंडचं पाणी पळावं. मग तिसरं, जे खरंच विकायचं असतं ते. दगडापेक्षा वीट मऊ, एवढं कळलं की एजंट उपाशी मरत नाही.

गेली आठ वर्षं माझं पहिलं घर ठरलेलं होतं. मी तळमजल्यावर राहतो, ते बरोबर माझ्या डोक्यावर. तिथे माझा मित्र भाड्याने राहायचा. तो कुलपं दुरुस्त करतो, किल्ल्या बनवतो, बाजाराच्या तोंडाशी त्याची कपाटाएवढी टपरी आहे. सगळे त्याला किल्लीवाला म्हणतात. मी त्याला गाढव म्हणतो, तो मला त्याहून वाईट काहीतरी म्हणतो, आणि अशी आमची बावीस वर्षं सुखात गेली.

अडचण एकच होती, घर चांगलं होतं. त्यामुळे मेहनत घ्यावी लागायची. रविवारी मी जिन्यात किल्ल्यांचा जुडगा दोनदा वाजवला की किल्लीवाला नळ थोडा सोडून त्याखाली बादली ठेवायचा, खिडक्या लावून घ्यायचा आणि पलंगावर पडून खोकायला लागायचा. त्याच्या वरच्या मजल्यावर सिस्टर राहतात, हॉस्पिटलात नर्स आहेत. त्या लोखंडी खुर्ची या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढायच्या आणि नवऱ्याशी कडाकडा भांडायच्या. सिस्टरचं लग्न झालेलं नाही. पण भांडण ऐकून तशी शंका कधी कुणाला आली नाही. गिऱ्हाईक पळालं की आम्ही तिघं चहा प्यायचो आणि आज कोणी चांगलं वठवलं यावर वाद घालायचो.

मग एक दिवस त्या घराच्या मालकाचा फोन आला. मालक दुसऱ्या शहरात राहतो, हे घर त्याला मामाकडून मिळालेलं.

"घर विकून टाकू म्हणतो. तुम्हीच बघा ना, तुम्ही तर तिथेच राहता," तो म्हणाला.

नाही म्हणालो असतो तर त्याने दुसरा एजंट गाठला असता. म्हणून मी काम घेतलं, ते न करण्यासाठी.

किल्लीवाल्याला सांगितलं तेव्हा तो एक जुनं कुलूप उघडून बसला होता. त्याने मान वर केली नाही. आमच्या भागात भाडी अशी चढलीत की कुलपं दुरुस्त करणाऱ्याला बसच्या शेवटच्या स्टॉपच्या पुढे खोली मिळाली तर मिळणार. तिथून टपरीवर यायला दोन तास, जायला दोन तास. म्हणजे टपरी गेली, आणि रविवारचा चहा गेला, हेही मी मोजलं. मला धास्ती त्याचीच जास्त वाटली, खरं सांगायचं तर.

"मग आता मनापासून खोकावं लागणार," तो म्हणाला.

खोकला. अकरा गिऱ्हाइकं आली आणि आल्या पावली परत गेली. एका जोडप्याने तर जिन्यातच एकमेकांचे हात धरले, सिस्टरचा संसार ऐकून. मालकाने दोनदा किंमत उतरवली. मी फोनवर हळहळलो. आम्हाला वाटायला लागलं, असंच चालत राहील.

बाराव्या आल्या त्या बाई. रिटायर्ड हेडमास्तरीण, हातात काठी, सोबत कुणी नाही. मी किल्ल्या वाजवल्या. नळ टपटपला, खोकला सुरू झाला, वर खुर्ची घासली. बाई खोलीच्या मधोमध उभ्या राहून शांतपणे ऐकत होत्या. मग पलंगाजवळ गेल्या.

"हा खोकला पोटातून येत नाही," त्या म्हणाल्या. "नुसता घशातला आहे. छत्तीस वर्षं गणिताच्या पेपरच्या दिवशी मी हाच ऐकला. उठा."

किल्लीवाला उठला. नुसता उठला नाही, हात बाजूला घेऊन ताठ उभा राहिला.

"आणि वर त्या मघापासून भांडतायत, पण त्यांचा नवरा एकदाही मध्ये बोललेला नाही. असा नवरा मी अजून पाहिला नाही. बोलवा त्यांना."

सिस्टर खाली आल्या आणि त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. का कोण जाणे, मीही रांगेत जाऊन उभा राहिलो.

"ही कोणाची आयडिया?"

दोघांनी एकदम माझ्याकडे बोट दाखवलं. बावीस वर्षांची मैत्री ती हीच.

किल्लीवाल्याने सगळं सांगून टाकलं. घर विकलं तर त्याला जावं लागेल, म्हणून. बाई खुर्चीवर बसल्या. बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"मी राहते त्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, बाग आहे, दारात गार्ड आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षी मी बाथरूममध्ये पडले. दोन तास हाका मारत होते. पलीकडच्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. इथे एक भाडेकरू जाऊ नये म्हणून तुम्ही सगळे दर रविवारी खोकताय आणि भांडताय. मला हेच घर हवं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मला बाईंचा संताप आला, आणि मग स्वतःचा. आम्ही घराची शक्य तेवढी बेअब्रू केली होती, आणि त्या बेअब्रूवरच बाई भुलल्या होत्या.

"पाणी दिवसातून एकच तास येतं," मी शेवटचा प्रयत्न केला. "आणि भिंतींना ओल आहे."

"खोटं बोलतोय," किल्लीवाला म्हणाला.

मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो नळापाशी गेला, नळ घट्ट बंद केला आणि बादली उचलून बाजूला ठेवली.

"बाई, पाणी चोवीस तास असतं. नळ मी मुद्दाम सोडतो. ओल कुठेच नाही. ही खिडकी अशी जरा उचलून मग ढकलायची, म्हणजे अडकत नाही. सकाळी इथवर ऊन येतं, खुर्ची इथे ठेवा." तो घरभर फिरत होता, एकेक गोष्ट हात लावून दाखवत होता. "आठ वर्षं या घराची बदनामी केली मी. आज तरी खरं सांगू दे."

सिस्टर नर्स आहेत, रडत नाहीत. त्या दिवशी रडल्या. मी खिडकीतून खाली बघत बसलो, कारण मला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"आणि तुम्ही कुठे जाल?" बाईंनी विचारलं.

"बघू. याच्याकडे घरांना काय तोटा?"

पुढच्या रविवारी मी त्याला घरं दाखवायला घेऊन गेलो. पहिलं, शेवटच्या स्टॉपच्या पुढे, गॅरेजवरची खोली. तिथे नळ मुद्दाम सोडावा लागत नव्हता. दुसरं, वीस मजल्यांच्या काचेच्या टॉवरमध्ये. तिथे भाडं ऐकायच्या आधीच गार्डने आमच्याकडून दोनदा सही घेतली. किल्लीवाला आपणहून परत फिरला. पद्धत त्याला पाठ होती.

तिसऱ्या घरासाठी मी त्याला परत आमच्या बिल्डिंगमध्ये आणलं आणि माझंच दार उघडलं. माझ्या मागच्या खोलीत 'विकणे आहे'च्या पाट्यांचा ढीग असायचा. मी दोन दिवस राबून तो हलवला होता. पाट्यांमागे एक खिडकी निघाली. नऊ वर्षं तिथे राहून मला ती माहीत नव्हती.

"खोली लहान आहे," मी धंद्याच्या आवाजात म्हणालो. "मालक तिरसट आहे. घोरतो."

त्याने दाराचं कुलूप हलवून पाहिलं. "हे भंगार आहे."

"म्हणून तर तुला दाखवतोय, गाढवा."

"नळ गळतो?"

"गळतो."

"खरंच?"

"खरंच."

त्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि पाना काढला.

आता बाई वर राहतात. खुर्ची सकाळच्या उन्हात असते. आणि मला धंद्यासाठी पहिलं घर लागतंच, तेव्हा आता माझंच दाखवतो. गेल्या रविवारी एक जोडपं आलं. मी किल्ल्या दोनदा वाजवल्या, मागच्या खोलीतून खोकला सुरू झाला, आणि वरून जमिनीवर काठी आपटली.

"पोटातून," बाईंचा आवाज आला.

त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.